पहिलं मोजमाप

भोंगाकाका ही गोष्ट दिवसाउजेडी सांगत नाहीत. कितीही गळ घाला, "अंधार पडू दे" एवढंच म्हणतात. उभा जन्म त्यांनी इस्पितळाची रुग्णवाहिका चालवली, म्हणून नाव पडलं भोंगाकाका. आता निवृत्त झाले, पण सूनबाई टीव्ही मोठ्याने लावते असं निमित्त काढून रात्री गाड्यांच्या शेडमध्ये येऊन बसतात. तिथे शिकाऊ नर्सा, नवे ड्रायव्हर असा घोळका ड्युटीच्या आधी चहाला जमतो.

"काका, ती बाकड्यावरची गोष्ट सांगा ना."

"तुम्ही घाबराल, ड्युटीवर जायला नाही म्हणाल आणि मेट्रन माझ्या नावाने ठणाणा करेल."

"नाही घाबरत."

"घाबरा. जी पोरगी हे ऐकून घाबरणार नाही, तिने या कामात राहूच नये."

"खरी आहे ना पण?"

"खोटी असती तर तिखटमीठ लावून सांगितली असती. हिला लावायचा धीर होत नाही."

त्यांनी शेडमधला दिवा मालवायला लावला आणि सुरुवात केली.

त्यांच्या चांगल्या ओळखीच्या एका डॉक्टरच्या बाबतीत हे घडलं. तो डॉक्टर अजून आहे. काकांना बाजारात भेटतो, बोलतो, सुनेची चौकशी करतो. कुठे बसत मात्र नाही. चहाच्या दुकानातली सगळी बाकडी रिकामी असली तरी उभ्याने चहा पितो. पूर्वी काका त्याला अहो-जाहो करायचे. आता करत नाहीत.

जानेवारीतला दुसरा शुक्रवार होता. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. डॉक्टर घरी झोपायच्या तयारीत होता आणि फोनवर निरोप आला, की प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर गरम होतोय. हा फ्रीझर म्हणजे तुमच्याआमच्या घरातला नव्हे. आत इतकी थंडी, की उघड्या हाताने काही उचललं तर कातडी चिकटून बसेल. त्यात होती बाळामागून पडणारी वार, तुकड्यातुकड्यांनी. बाळांच्या नाळेतलं रक्त, इवल्याइवल्या नळ्यांत. गरोदर बायकांचा रक्तदाब अचानक का चढतो, कोणाला झटके येतात, कोणाची बाळं पोटातच का सुकतात, याचा अभ्यास डॉक्टर करत होता. काम मोलाचं होतं, त्याबद्दल वाद नाही. आईला आणि बाळाला वाचवायचं काम. पण काम मोलाचं असलं म्हणजे करणारा मोलाचा असतोच असं थोडंच आहे?

त्याला सगळे पाठीमागे 'सरासरी' म्हणायचे. का, तर रक्तदाब मोजायची त्याची एक रीत होती. बाई आली, की तीनदा दाब मोजायचा. पहिलं मोजमाप टाकून द्यायचं, कारण बाई चालून आलेली असते, धास्तावलेली असते, तो आकडा फुगलेला येतो. तिला शांत बसवायचं आणि मग पुढच्या दोहोंची सरासरी धरायची. रीत बरोबर आहे, जगभर तशीच करतात. पण ही रीत या माणसाच्या हाडीमाशी खिळली होती. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणायचा, "हा धरायचा नाही." भाजीवाल्याने पहिला भाव सांगितला की म्हणायचा, "हा टाकला, आता खरा सांग." लग्नाच्या वेळी बायको पहिल्यांदा नाही म्हणाली, तेही याने धरलं नव्हतं म्हणे.

तर, डॉक्टर उठला. त्याची एकुलती एक लेक बाळंतपणासाठी आईबापाकडे आलेली होती, नववा लागलेला. ती सोफ्यावर पाय वर घेऊन पडली होती.

"बाबा, फ्रिजमधल्या वारेची जेवढी काळजी करता, तेवढी माझ्या वारेची करता का?"

"तुझी तुझ्या पोटात आहे. तिथे वीज जात नाही."

"बघ ना गं आई, कसा बोलतो हा माणूस!"

बायको मात्र हसली नाही. "अहो, तिचे पाय बघा. बोट दाबलं तर खड्डा राहतोय. आणि संध्याकाळपासून डोकं जड आहे म्हणते."

"मोजला ना मी मघाशी? पहिल्यांदा जास्त आला, दुसऱ्यांदा उतरला."

"पण पहिल्यांदा आला ना जास्त?"

"पहिला धरत नाहीत," डॉक्टर म्हणाला आणि चपला घालून निघाला.

वाटेत आइस्क्रीमचा कारखाना आहे. फ्रीझर बिघडला, की तिथून कोरडा बर्फ न्यायचा असा ठराव होता. रखवालदाराने थर्माकोलची पेटी भरून गाडीत ठेवली. "डॉक्टरसाहेब, एवढ्या रात्री गोळा खायचा बेत?" डॉक्टरही हसला. पेटीच्या फटीतून पांढरा धूर येत होता. गाडीच्या काचा वर होत्या, तरी तो धूर मागच्या सीटवर साचत गेला आणि आरशात मागचं काही दिसेना. डॉक्टरने आपल्या बाजूची काच खाली केली. इथवर सगळं साधं होतं.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला संशोधनाची बैठी इमारत. एक लांब बोळ, बोळाच्या टोकाला फ्रीझरची खोली आणि मधे दाब मोजायची खोली. त्या खोलीच्या बाहेर भिंतीला लागून एक बाकडं. डॉक्टर पेटी छातीशी धरून बोळात शिरला. बोळातला एकच दिवा चालू होता.

बाकड्यावर एक बाई बसलेली होती.

कोपरं गुडघ्यांवर टेकून, दोन्ही हातांनी कपाळ धरून. दिवस भरलेले होते, पोट मांड्यांना लागलं होतं. डॉक्टरला वाटलं, प्रसूती विभागात जायचं सोडून इकडे चुकून आली असेल.

"बाई, इथे रात्री कोणी नसतं. पुढच्या इमारतीत जा."

ती मान वर न करता म्हणाली, "बसायला सांगितलंय."

"कोणी?"

बाईने कपाळ आणखी घट्ट धरलं.

"बरं. थांबा, हे ठेवून येतो, मग कोणाला तरी बोलावतो." असं म्हणून डॉक्टर पुढे गेला. तिच्याजवळून जाताना त्याला एक वास आला. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवल्यावर येतो, तसा. गरम. वाफेचा.

तरी तो थांबला नाही.

"कोण होती हो ती?" एका शिकाऊ नर्सने विचारलं.

काकांनी कपातला गार चहा ओतून टाकला. "आता मागचं सांगितलं पाहिजे," ते म्हणाले.

त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. डॉक्टरच्या अभ्यासात एक इस्त्रीवाली होती. नवरा-बायको मिळून इस्त्रीचं दुकान चालवायचे, नवरा कपडे गोळा करायचा आणि ही दिवसभर उभी. पहिलटकरीण. हौसेने अभ्यासात आली, इथे दर पंधरवड्याला तपासणी होते आणि बाळ नीट राहतं म्हणून. अभ्यास नव्या गोळीचा होता. निम्म्या बायकांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आत काही नसलेली. कोणाला कुठली ते बाईलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. प्रत्येकीच्या नावाचं एक बंद पाकीट, तिला कुठली गोळी ते आत लिहिलेलं. दाब धोक्याच्या वर गेला, की पाकीट फोडायचं, बाईला अभ्यासातून काढायचं आणि तडक बाळंत करायचं. नियम असा चोख होता. पण आधीच बऱ्याच जणींची पाकिटं फुटली होती. वरून ताकीद आली होती, की आणखी एक फुटलं तर अभ्यास बंद. डॉक्टरची सगळी उमेद त्या अभ्यासात गुंतलेली.

ती आली तेव्हा सकाळ होती. आई सोबत होती. "डोकं फुटतंय डॉक्टर," म्हणाली, "आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात." दाब मोजला. एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. नव्या पोरीलाही कळेल इतका वाईट आकडा. डॉक्टरने आकडा पाहिला आणि म्हणाला, "पहिलं मोजमाप आहे. धरायचं नाही. बाहेर बसा, अर्ध्या तासाने परत मोजू."

अर्ध्या तासाने मोजला. तेवढाच. "अजून बसा."

"तिच्या आईने काही म्हटलं नाही?" शेडमधल्या एका पोरीने मधेच विचारलं.

"म्हटलं की! 'अहो, पोरीला दिसेनासं झालंय' म्हणत खोलीत आली होती. त्याने तिला बाहेर नेऊन बसवलं. म्हणे, तुम्ही घाबरता म्हणून तिचा दाब चढतो."

तिसऱ्यांदा मोजायची वेळ आलीच नाही. त्या बाकड्यावरच तिला झटका आला. दात बसले, बाकड्यावरून खाली पडली. मग सगळे धावले. ती गेली, पोटातलं लेकरूही गेलं. मुलगी होती.

चौकशी झाली. चौकशीत डॉक्टर उभा राहिला आणि म्हणाला, बाई गोळ्या घेतच नव्हती, आम्हाला न सांगता सोडल्या होत्या, आली तीही फार उशिरा. सुटाबुटातल्या माणसाने शांतपणे सांगितलं, सगळ्यांना पटलं. नवऱ्यालाही पटलं. नवरे कसे असतात बघा. "तिनेच माझं लेकरू खाल्लं" असं तो दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. तिचा फोटोसुद्धा भिंतीवर ठेवला नाही. तिची आई तेवढी फाटकापाशी यायची आणि एकच विचारायची, "माझी पोर सकाळीच आली होती ना? सांगा की कोणीतरी." काकांनी स्वतः तिला गाडीतून दोनदा घरी सोडलं होतं. वाटभर ती तेच विचारायची. मग यायची बंद झाली.

"अभ्यास?" नव्या ड्रायव्हरने विचारलं.

"चालू राहिला. बक्षीस मिळालं त्याला."

काका पुढे सांगू लागले.

डॉक्टर फ्रीझरच्या खोलीत पोचला. दिवा लावला. फ्रीझर व्यवस्थित चालू होता. काट्यावर थंडी जितकी हवी तितकी. धोक्याचा दिवा बंद. त्याने फोन काढून तो निरोप पुन्हा बघायला घेतला. निरोप नव्हता. वर नाही, खाली नाही, पुसलेल्यांतही नाही.

त्याने पेटी खाली ठेवली. स्वतःला समजावलं, की यंत्राची चूक. बाहेर पडला.

बाकडं रिकामं होतं.

बरं झालं, गेली, असं म्हणत तो भराभर चालू लागला. दाब मोजायच्या खोलीपाशी आला आणि आतून आवाज आला. घुर्रर्र... यंत्र हवा भरतं तो आवाज. मग हवा सुटते तो. स्स्स्स... मग टिंग.

खोलीला रात्री कुलूप असतं. दार उघडं होतं.

आत यंत्राचा हिरवा पडदा तेवढा उजळलेला. समोर कोणी नाही. दंडाला बांधायचा पट्टा टेबलावर पडलेला, पण रिकामा नव्हे. गोल फुगलेला. आत दंड असावा तसा. पडद्यावर आकडा. एकशे सत्तर. एकशे दहा.

डॉक्टर वळला. दार लागलेलं होतं. आवाज न होता लागलेलं. कडी धरून ओढली, हिसके दिले. दार जागचं हललं नाही. भिंतीत चिणल्यासारखं.

मागून यंत्र पुन्हा सुरू झालं. घुर्रर्र...

आणि या वेळी पट्टा त्याच्या दंडावर होता.

कधी बसला, कोणी बांधला, त्याला अजून सांगता येत नाही. तो खुर्चीत होता. बाईला बसवायची ती खुर्ची. पट्टा आवळत गेला. बोटं काळीनिळी पडली. हवा सुटलीच नाही.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "हे धरायचं नाही."

वाफेचा वास.

"अजून एकदा."

त्याच वेळी त्याच्या खिशातला फोन वाजला. मोकळ्या हाताने त्याने कसाबसा काढला. बायको होती.

"अहो, हिचं डोकं फार दुखतंय. ओरडतेय नुसती. मी दाब मोजला. एकशे सत्तर, खाली एकशे दहा. काय करू?"

डॉक्टर जिवाच्या आकांताने ओरडला, "गाडी बोलाव! शेजाऱ्यांना उठव! आत्ताच्या आत्ता इस्पितळात आण!"

मग बायको म्हणाली, "नक्की ना? बसवू म्हणताय?"

"आण म्हणतोय! आण तिला!"

"बरं बरं, चिडू नका, हळू आवाजात बोलताय तरी चिडलेलेच वाटता. पहिलं धरायचं नाही. अर्धा तास बसवते आणि परत मोजते."

फोन बंद झाला.

पोरांनो, समजलं का? तो बोलत होता एक आणि तिथे पोचत होतं दुसरं. त्याच्याच आवाजात. त्याचंच जुनं वाक्य.

त्याने पुन्हा लावला. दहादा लावला. लागेना. खिडकीकडे बघितलं, खिडकीला गज. ओरडून ओरडून घसा बसला. बोळात कोणी नव्हतं. होती ती आतच होती, दिसत नव्हती एवढंच. खोलीच्या कोपऱ्यात, जिथे हिरवा उजेड पोचत नव्हता, तिथे कोणीतरी कण्हत होतं. हळू. डोकं दाबून धरलेलं माणूस कण्हतं तसं.

"माझ्या पोरीने काय केलंय?" डॉक्टर रडत म्हणाला. "माझं जे करायचं ते कर. ती निरपराध आहे."

कण्हणं थांबलं.

"मी काय केलं होतं?"

फोन वाजला.

"अहो..." बायकोचा आवाज चिरकला होता. "तिला दिसत नाहीये. डोळ्यांपुढे काजवे म्हणते आणि आता काही दिसत नाही म्हणते. पुन्हा मोजला, तेवढाच आहे. मी बोलावू का गाडी? मी बोलावते."

"बोलाव! देवाची शपथ, बोलाव!"

"अजून?" बायको रडायला लागली. "अजून किती बसवू हो? तुम्ही डॉक्टर आहात म्हणून ऐकतेय मी... तुमचीच लेक आहे ना ही?"

पट्टा आणखी आवळला. हाडापर्यंत. त्याला कळलं, की या फोनमधून त्याचं कुठलंच वाक्य जाणार नाही. शहाणपणाचं नाही, काळजीचं नाही, बापाचंही नाही. एकच जाईल.

त्याने डोळे मिटले.

"ऐक," तो म्हणाला. "इस्त्रीवाली सकाळीच आली होती."

पलीकडचं रडणं थांबलं.

"तिचा दाब असाच होता. मी बघितला होता. मी तिला बाहेर बसवलं. पाकीट फुटू नये म्हणून बसवलं. दोनदा बसवलं. तिने गोळी सोडली नव्हती. एकही सोडली नव्हती. मी खोटं बोललो. तिला मी मारलं. तिच्या लेकरालाही..."

पट्टा सुटला. स्स्स्स...

फोनमध्ये बायकोचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, आणि तो आवाज त्याने पंचवीस वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता, "आता मी तुमचं काही ऐकणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

दार उघडं होतं.

डॉक्टर चपला तिथेच टाकून अनवाणी पळत सुटला. प्रसूती विभाग म्हणजे मधलं पटांगण ओलांडून पलीकडे. तो दारात येरझारा घालत राहिला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांची गाडी आवारात शिरली. लेकीला स्ट्रेचरवर घेतली. वाटेत झटका येऊन गेला होता, पण श्वास चालू होता. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी दाब बघितला मात्र, एका शब्दाने कोणाला न विचारता इंजेक्शन दिलं आणि तिला सरळ ऑपरेशनला आत घेतली. पहिलंच मोजमाप धरलं त्यांनी. कोणीही धरलं असतं.

दार लागलं. बाहेर डॉक्टर आणि त्याची बायको दोघं उभी.

पहिली काही मिनिटं डॉक्टरला काही सुचत नव्हतं. मग आतून कोणीतरी दार किलकिलं करून सांगितलं, की दाब उतरतोय, पोरगी सावरतेय. त्याच्या जिवात जीव आला. आणि पोरांनो, माणसाची जात बघा. जिवात जीव आला, की पहिल्यांदा परत येतं ते खोटं. रुमालाने चेहरा पुसला, शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला. बायकोच्या जवळ गेला.

"मघाशी मी फोनवर काहीतरी बडबडलो."

बायकोने वर बघितलं.

"रात्रंदिवस काम, झोप नाही. भास झाला मला तिथे. तू ते मनावर घेऊ नकोस. आणि कोणाकडे बोलू नकोस. त्यात खरं काही नव्हतं."

"काही नव्हतं?"

"काही नव्हतं. ती बाई गोळ्या घेत नव्हती. चौकशीत सिद्ध झालंय ते."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग ती दोन पावलं मागे सरली.

आतून बाळ रडल्याचा आवाज आला. खणखणीत.

डॉक्टर हसला. "ऐकलंस? आलं!" म्हणाला.

आणि रडणं तिथेच थांबलं नाही, चालूच होतं, पण आतली माणसं गप्प झाली. सगळी एकदम. हत्यारांचा आवाज नाही. बोलणं नाही. तुम्ही आत काम केलंय, तुम्हाला ठाऊक आहे. बाळ रडलं, की आत कोण गप्प बसतं?

दार उघडलं. नर्स उभी होती. तोंडावरची पट्टी तिने खाली ओढली होती. "सर," म्हणाली, "तुम्ही जरा आत या."

"माझी लेक?"

"ठीक आहे. दोघी ठीक आहेत. तुम्ही... या."

तो आत गेला. लेक गुंगीत होती, छाती शांतपणे वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई बाळाला दोन्ही हातांवर घेऊन उभ्या होत्या. मुलगी होती. गुटगुटीत, लालबुंद, हातपाय झाडत होती. त्यांच्या शेजारच्या नर्सच्या हातात कात्री होती आणि कात्री हवेतच थांबलेली.

"ही कोणी बांधली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज फार हळू होता. "आमच्यापैकी कोणी नाही बांधली."

बाळाच्या उजव्या घोट्याला पट्टी होती. इस्पितळाची. बाळ कोणाचं ते चुकू नये म्हणून बांधतात ना तुम्ही, आईचं नाव लिहून, ती. घट्ट. नीट. सुबक अक्षरात आईचं नाव लिहिलेलं.

डॉक्टरने वाचलं.

त्याच्या लेकीचं नव्हतं.

इस्त्रीवालीचं होतं.

"काका..." शेडमध्ये एका पोरीने हळूच विचारलं, "पण पट्टी तर आपण बाळाची नाळ कापल्यावर..."

भोंगाकाकांनी मान हलवली.

"हो," ते म्हणाले. "नाळ अजून कापायची होती."